सावली मोजा, मग सूर्य घरी आणा

बारामती मागे टाकून इंदापूरच्या रस्त्याला लागले की दोन्ही हातांना ऊस दिसू लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले हे रान. भवानीनगरला साखर कारखान्याचे धुराडे दिसते, पुढे लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, आणि मग इंदापूर. आषाढी वारीला तुकोबारायांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. शेतीखात्याच्या नोकरीत मी या रस्त्याने किती वेळा गेलो, त्याची गणती नाही. पूर्वी नजर जायची ती उसाच्या पाचटाकडे आणि डाळिंबाच्या पानांकडे. अलीकडे ती आपोआप घरांच्या छपरांकडे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि स्लॅबवर निळ्या-काळ्या पॅनेलच्या रांगा दिसू लागल्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, सूर्य फुकट आहे, पॅनेल फुकट नाही. म्हणून आज पीकपाणी बाजूला ठेवून सावलीविषयी चार शब्द लिहितो.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. योजना येण्याआधीच, मे महिन्यात, मी माझ्या घरावर तीन किलोवॅटचा संच बसवला. बसवणाऱ्याने भर दुपारी गच्चीवर उभे राहून सांगितले, "साहेब, सावलीचं नावसुद्धा नाही." खरेच नव्हते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, काठी उभी केली तर तिची सावली तिच्या पायाशीच राहते. दिवाळी सरली, थंडी पडली आणि वीज कमी होऊ लागली. यंत्र बिघडले असेल म्हणून मी दोन फेऱ्या मारल्या. यंत्र ठणठणीत होते. दक्षिणेला असलेल्या पाण्याच्या टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली रोज दोन पॅनेलांवर सरकत होती. शेतीचा पदवीधर माणूस मी, आयुष्यभर लोकांना दिशा पाहून बाग लावा म्हणून सांगितले, आणि स्वतःच्या गच्चीवर मात्र दिशा पाहिली नाही.

दोनच पॅनेलांवर सावली असता सगळी वीज का घटावी? तर पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात. पाटात मध्येच ढेकूळ अडकले की पाणी पुढे कमी जाते आणि मागे तुंबते, तसेच इथे होते. कालव्याच्या शेपटीला शेत असलेल्या इंदापूरकरांना हे समजावून सांगायला नको. पॅनेलच्या आत तीन भाग करून अडलेल्या भागाला वळसा घालण्याची सोय केलेली असते, त्यामुळे सगळाच प्रवाह थांबत नाही. पण वळसा घातला म्हणजे त्या भागाची वीज गेलीच.

ही फजिती पदरी होती म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये निमगाव केतकीच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा जरा शहाणपणाने वागता आले. घर रस्त्याकडेला, स्लॅबचे. आग्नेय कोपऱ्याला जुनी चिंच. नातवाने तीन किलोवॅटचा संच ठरवला होता, बँकेकडे कर्जही मागितले होते, आणि चिंच तोडायला माणूस सांगितला होता. आजी ओट्यावर बसून होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "सायेब, ही चिंच माझ्या सासऱ्यांनी लावली. वारीची माणसं दर साली हिच्याखाली टेकत्यात. आता इजेपायी तिला तोडायची का?"

नातू म्हणाला, "आजी, चिंच काय लाइटबिल भरणार हाय का?"

दोघांचेही म्हणणे खरे होते. मी म्हटले, "एक दिवस थांबा. कुऱ्हाडीआधी गेरू आणा."

सकाळी साडेनऊला आम्ही स्लॅबवर चढलो आणि जिथवर सावली होती तिथे गेरूने रेघ ओढली. मग दर तासाला एक रेघ. डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. दहा फुटी काठी घेतली तर आपल्याकडे तिची सावली सकाळी साडेनऊला साडेसतरा फुटांच्या आसपास जाते, वायव्येकडे. सूर्य माथ्यावर येतो तो आपल्या घड्याळात साडेबाराला. तेव्हा ती नऊ फुटांच्या आत असते, सरळ उत्तरेला. दुपारी साडेतीनला पुन्हा साडेसतरा, पण ईशान्येकडे. हे गणित ध्यानात ठेवले तर कोणत्याही महिन्यात अंदाज बांधता येतो. झाड गच्चीपेक्षा जितके फूट उंच, त्याच्या पावणेदोन पट सावली धरा. आणि भ्यायचे ते दक्षिणेच्या, आग्नेयेच्या, नैर्ऋत्येच्या झाडाला. उत्तरेचे झाड सहसा आड येत नाही.

संध्याकाळी गेरूच्या रेघा पाहिल्या. स्लॅबचा पूर्वेकडचा भाग दुपारपर्यंत चिंचेखाली होता. पश्चिमेचा भाग मात्र दहा वाजल्यापासून ऊन मावळेपर्यंत उघडा. तिथे फक्त पाण्याची टाकी मध्ये येत होती. पॅनेल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. पश्चिमेच्या जागेत चार बसत होती, सहा नाही.

नातू हिरमुसला. मी वर्षभराची वीजबिले मागवली. पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, घराची मोटर मिळून महिन्याला सरासरी दोनशे युनिट. एक किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरतात. म्हणजे दोन किलोवॅटला महिन्याला दोनशे चाळीस. सावलीने थोडी तूट आली तरी गरज भागत होती. "मग तीन किलोवॅट कोणासाठी घेत होतास?" असे विचारले तर म्हणाला, "शेजाऱ्यानं तीनचा बसवला." आपल्याकडे ट्रॅक्टर असाच घेतला जातो, सौरसंचही तसाच घेतला जाऊ लागला आहे.

या योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. ते काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येते. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, आणि काम नोंदणी असलेल्या ठेकेदाराकडूनच करावे लागते. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने करायचा. या घरी मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर होते. ते आधी बदलून घेतले.

सावली असलेल्या घरांनी ठेकेदाराशी बोलताना चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, टाकी हलवता येईल का? उन्हाची जागा पॅनेलला आणि सावलीची जागा टाकीला, हा साधा नियम. या घरी टाकी ईशान्य कोपऱ्यात नेली. दुसरी, पॅनेल दोन दिशांना किंवा दोन जागी असतील तर इन्व्हर्टरला दोन वेगळ्या जोडण्या आहेत का? म्हणजे एका ओळीवरच्या सावलीचा त्रास दुसरीला होत नाही. तिसरी, सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर किती रुपयांना पडेल? तो महाग पडतो. आणि सावलीतले पॅनेल त्यानेही उन्हासारखे चालत नाही, फक्त बाकीची अडत नाहीत. चौथी, पॅनेल उंच सांगाड्यावर घ्यायची झाली तर वळवाच्या वाऱ्याला पाया टिकेल का? खाली वाळवणाला जागा मिळते हे खरे, पण छप्पर उडाले तर वाळवण कुठले!

आणखी एक, बॅटरी नसलेला साधा संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही सोय केलेली असते. भारनियमनात दिवा हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा. धूळ, उसाचे पाचट जाळल्याची काजळी, उजनीच्या पाण्याकडच्या गावांत पाखरांची विष्ठा, हीसुद्धा सावलीच. कोवळ्या उन्हात, काच थंड असताना, साध्या पाण्याने पुसावे.

पुढच्या वारीच्या दिवसांत मी पुन्हा त्या वाटेने गेलो. आभाळ भरलेले होते. नातवाने मीटर दाखवला. पावसाळी हवेत वीज कमी होत होती, पण एप्रिल-मेचे जादा युनिट महावितरणच्या हिशेबात जमा होते, ते आता वळते होत होते. आग्नेयेच्या दोन खालच्या फांद्या तेवढ्या छाटलेल्या, बाकी चिंच जशीच्या तशी. तिच्याखाली एक दिंडी टेकली होती. आजी तांब्या घेऊन पाणी देत होत्या. मला म्हणाल्या, "सायेब, नातवाचं बिल बी भागलं आन् माझी चिंच बी ऱ्हायली."

तेव्हा मंडळी, पुस्तिका हातात घेण्याआधी गेरू हातात घ्या. येत्या डिसेंबरात एक दिवस गच्चीवर काढा. संक्रांतीच्या आधीचे ते तीन-चार आठवडे आपल्या घराची सर्वांत लांब सावली दाखवतात. त्या सावलीबाहेर जेवढी जागा उरेल, तेवढाच आपला सूर्य.