जिना, तलाव आणि तिसरा क्षण

भिलाईहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की दुर्गनंतर राजनांदगाव येतं. तिथल्या दिग्विजय कॉलेजात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते. घर मराठी, लेखणी हिंदी. आवारातलं त्यांचं राहतं घर, भोवतीचे तलाव, वर जाणारा फिरता जिना हे सगळं आजही पाहायला मिळतं. येणारा रसिक जिना बघतो आणि त्यांच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेतल्या बारवेच्या पायऱ्या त्याला तिथेच दिसू लागतात.

ही जुळणी किती भाबडी आहे, हे खुद्द मुक्तिबोधांची समीक्षाच सांगते.

'एक साहित्यिक की डायरी'तल्या 'तीसरा क्षण' या लेखात केशव नावाच्या मित्राशी वाद रंगतो. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि फँटसी होतो. तिसऱ्या क्षणी फँटसी शब्दांत उतरू लागते. पण उतरता उतरता बदलत जाते. कवितेच्या चौथ्या-पाचव्या खर्ड्याशी झटलेल्या कुणालाही हा तिसरा क्षण लगेच ओळखू येईल.

आता त्यांची 'अँधेरे में' ही कविता उघडावी. मध्यरात्री शहरातून मिरवणूक निघाली आहे. बँड आहे, फौज आहे. कवी, समीक्षक, मंत्री, उद्योगपती आहेत आणि त्यांच्याच रांगेत गावगुंड डोमाजी उस्ताद! दिवसा वेगवेगळे वावरणारे चेहरे रात्री एका पंगतीला बसवायचे, तर वास्तवाची साधी नोंद पुरत नाही. फँटसीच लागते.

हेच हत्यार त्यांनी १९६१च्या 'कामायनी: एक पुनर्विचार'मध्ये जयशंकर प्रसादांच्या महाकाव्यावर चालवलं. पुराणातल्या मनूच्या आड त्यांना आपल्याच काळातल्या सत्ताधारी वर्गाचं मन दिसलं. त्यामुळे या पुस्तकात प्रसाद जेवढे कळतात, त्याहून मुक्तिबोध जास्त कळतात.

कविता इतक्या लांबलचक का, याचंही उत्तर डायरीतच आहे: वास्तवाचे धागे एकमेकांत गुंतलेले आणि सतत हलते, मग कविता संपवायची कुठे? सप्टेंबर १९६४मध्ये ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह त्यानंतर आला.

धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. त्यांना १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी. मराठी वाचकाने दोघा भावांची समीक्षा आणि कविता शेजारी ठेवून वाचावी. राजनांदगावचा जिना त्यानंतर पाहिला तरी चालेल.