आजोबांची कड

मागच्या शनिवारी घरी गेलो होतो, करमाळ्याला. जेऊर स्टेशनात गाडीतून उतरतोय तोच आत्याचा फोन. "लॅपटॉप आणलायस ना?" घरात एक इंजिनिअर असला की टीव्हीच्या रिमोटपासून सातबारा डाउनलोड करण्यापर्यंत सगळी कामं त्याच्याकडेच येतात, हे तुमच्यापैकी अनेकांना अनुभवानं माहीत असेल. या वेळचं काम होतं आजोबांचा फोटो. भिंतीवरच्या फ्रेममध्ये ओल शिरायला लागली होती. तेव्हा नवीन मोठा फोटो करायचा, आणि "मागचं सगळं काढून छान निळं लाव." अण्णांनीही (म्हणजे माझ्या वडिलांनी) मान डोलावली.

म्हटलं, एवढंच ना? दहा मिनिटांचं काम!

आजोबा १९८४ साली गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचा हा एकच फोटो, साडेतीन बाय पाच इंचांचा, ब्लॅक अँड व्हाइट, मागे शाईनं १९७६ लिहिलेलं. जुन्या गावातल्या घराच्या ओट्यावर आजोबा बसलेत. पांढरा फेटा, पांढरा सदरा, पांढरं धोतर. मागे चुन्यानं रंगवलेली भिंत, तीही पांढरीच. आता लक्षात आलंच असेल की दहा मिनिटांचं काम का नव्हतं.

झेरॉक्सवाल्याकडून ६०० डीपीआयला स्कॅन करून आणलं. २१०० गुणिले ३०००, म्हणजे ६३ लाख पिक्सेल. त्यातले आजोबांचे कुठले आणि भिंतीचे कुठले, एवढंच ठरवायचं.

पहिली जादूची कांडी. फोटोशॉपमधली मॅजिक वँड, मी वापरतो त्या गिंपमध्ये फझी सिलेक्ट. एका पिक्सेलवर क्लिक केलं की त्याच्याशी मिळताजुळता शेजारी, मग त्याचा शेजारी, असं ते पाण्यासारखं पसरत जातं. किती मिळताजुळता चालेल तो आकडा आपण द्यायचा. काळं शून्य आणि पांढरं २५५ धरलं तर माझी भिंत होती २३५ च्या आसपास आणि धोतर २४०. भिंतीवर क्लिक केलं तर पाणी थेट धोतरात शिरलं आणि अर्धा फेटा घेऊन बाहेर आलं. आकडा कमी केला तर भिंतीला देवी आल्यासारखी भोकं!

मग कात्री. इंटेलिजंट सिझर्सची ही पद्धत मॉर्टेनसेन आणि बॅरेट या दोघांनी १९९५ मध्ये मांडली. प्रत्येक पिक्सेल हा ग्राफमधला नोड, जिथे रंग झपकन बदलतो तिथून जाणं स्वस्त, आणि दोन क्लिकच्या मध्ये सगळ्यात स्वस्त रस्ता शोधायचा. म्हणजे आपला सेकंड इयरचा डायक्स्ट्रा! तो कधीतरी कामाला येतोय याचा मला कोण आनंद झाला. चेहरा, मान, हात झकास. धोतरापाशी मात्र कात्रीनं आजोबांना सोडलं आणि भिंतीतल्या एका तड्याचा रस्ता धरला. तो जास्त स्वस्त होता.

शेवटी मोबाइलमधल्या एआयला शरण गेलो. त्यानं एका टॅपमध्ये आजोबा कापून दिले. फक्त डावा पाय गुडघ्याखाली घराला देऊन टाकला :)

रविवारी सकाळी अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून फ्लेक्सच्या दुकानात गेलो. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तीस-चाळीस शुभेच्छुक असतात आणि त्यातलं प्रत्येक डोकं कुणीतरी कापलेलं असतं, हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तिथला पोरगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. त्यानं ना कांडी घेतली, ना कात्री. सरळ पेन टूल. रेनॉ कंपनीतल्या बेझियेनं १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याची वळणं काढायला जी वक्ररेषा वापरली, तीच यात असते. तीनशे टक्के झूम करून तो म्हणाला, "दादा, पॉइंट कमी द्यायचे. वळण बदलंल तिथंच द्यायचा. आन रेघ एक-दोन पिक्सेल आतनं घ्यायची."

आतून का, ते झूमवर दिसत होतं. कडेवरचा पिक्सेल कुणा एकाचा नसतोच. थोडा आजोबांचा, थोडा भिंतीचा असा मिसळलेला असतो. तो तसाच घेतला तर निळ्यावर पांढरी किनार दिसते. म्हणून सिलेक्शनसुद्धा आत आणि बाहेर एवढंच नसतं. प्रत्येक पिक्सेल शून्य ते २५५ मध्ये किती आत, हे ते मोजतं. दहा मिनिटांत पोरगा धोतरापर्यंत पोचला आणि थांबला. "इथं कायच दिसत न्हाई. पाय कुठं संपतोय?"

मी वाकून पाहिलं. पांढऱ्यावर पांढरं. मला काय माहीत?

मागे स्टुलावर बसलेले अण्णा उठले. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ आले. "तो पाय न्हाई. ते जोतं हाय. दगडाला चुना मारलाय. पाय दुमडलेला हाय, ह्या अंगाला." मग बोट पुढे सरकलं. "धोतर ओट्याच्या कडंवरनं खाली लोंबतंय. ही काळी हाय ती देवळी. दिवा असायचा तिथं. देवळीच्या अलीकडं थांब." पोरगा एकेक पॉइंट देत गेला. आजोबांची कड शोधायला अण्णांना अख्खं घर सांगावं लागलं. एवढं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

त्या घराचा दुसरा फोटो नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठचं आमचं गाव पाण्याखाली गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. तेव्हा उघडं पडलेलं पळसदेवचं देऊळ बघायला लोक गर्दी करत होते. अण्णा त्या बाजूला फिरकलेही नाहीत.

रेघ पूर्ण झाली. पोरग्यानं सवयीनं सिलेक्शन उलटं केलं, कंट्रोल-शिफ्ट-आय, आणि डिलीट दाबलं. भिंत, जोतं, देवळी, सगळं एका झटक्यात गेलं. आजोबा हवेत बसलेले.

"मागं घे," अण्णा म्हणाले.

"काका, मागचं नकोय ना?"

"मागं घे म्हणतोय ना."

कंट्रोल-झेड. घर परत आलं.

शेवटी दोन प्रिंट केल्या. आत्याला निळी, आमच्याकडे घरासकट. निळीमध्ये धोतराच्या टोकाशी इंचभर रेघ अंदाजानं मारलेली आहे. तिथं काय होतं ते अण्णांनाही आठवलं नाही. संध्याकाळी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, तिथं ज्वारीचं पोतं होतं." अण्णा म्हणाले, पोतं नव्हतंच. त्यावर दोघांचं रात्री जेवणं होईपर्यंत चाललं होतं.

असो. घरासकटची फाइल तीन ठिकाणी बॅकअप करून ठेवली आहे. एक कॉपी अण्णांच्या मोबाइलवर टाकली. ते आता झूम करायला शिकलेत.