दोन काटे

कराडच्या बाजारपेठेत भुसार मालाची एक जुनी पेढी आहे. पेढीचे मालक साठीच्या उंबरठ्यावर आलेले. घरात आणि बाजारात सर्वजण त्यांना भाऊ म्हणतात. सकाळी दुकान उघडल्यावर त्यांचे पहिले काम ठरलेले असते. वीस किलोचे प्रमाणित वजन ते स्वतः काट्यावर ठेवतात, आकडा पाहतात आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाचा माल जोखला जातो. काट्यावर सरकारी शिक्का असतोच. तरीही ही तपासणी एक दिवसही चुकत नाही. "काटा खोटा निघाला, तर पुढचा सगळा हिशेब खोटा," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. अशा माणसाकडून मोटारीतील काट्याकडे दुर्लक्ष व्हावे, ही विसंगती खरी. परंतु तसे घडले.

जानेवारी महिन्यात भाऊंनी पुण्यातील एका व्यापाऱ्याकडून सात वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी मोटार विकत घेतली. या व्यापाऱ्याशी त्यांचा वीस वर्षांचा व्यवहार होता. त्याच्याकडून येणाऱ्या डाळीची पोती कराडला कधी पुन्हा जोखली गेली नव्हती. बिलावर लिहिलेले वजन हेच वजन, असा विश्वास होता. मोटारीचा सौदा तीन लाख ऐंशी हजारांना ठरला. कागदपत्रांच्या बाबतीत भाऊ मोठे काटेकोर. नोंदणी पुस्तिका, विम्याची मुदत, मालकी हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र आणि त्यासोबतचा ३५ क्रमांकाचा नमुना, हे सारे त्यांनी चष्मा लावून तपासले. विमा स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, हेही ते विसरले नाहीत.

मोटारीचे बॉनेट मात्र एकदाच आणि क्षणभरच उघडले गेले. आतले इंजिन गरम होते. "आत्ताच धुऊन, एक चक्कर मारून आणली," असे विक्रेत्याने सांगितले. ते भाऊंना आतिथ्याचाच एक भाग वाटले. तरीही निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली. "शेठ, मी यंत्रातला माणूस नाही. काही दोष असेल तर आत्ता सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत, तर गाडी निर्दोष आहे असं समजून मी घेऊन जातो."

विक्रेत्याने हसून किल्ली पुढे केली आणि चहा मागवला.

पहाटेच्या थंडीत मोटार कराडला आली. पुढे चार महिने घर, दुकान आणि गावातील कार्यक्रम एवढीच तिची धाव राहिली, आणि कसलीही तक्रार उद्भवली नाही.

मे महिन्यात पुण्यातील एक लग्न आटोपून कुटुंब परत निघाले. थोरला मुलगा मोटार चालवीत होता. शेजारी भाऊ, मागे भाऊंच्या ब्याऐंशी वर्षांच्या मातुश्री, सून आणि चार वर्षांचा नातू. सामानाचा कप्पा भरलेला आणि वातानुकूलन यंत्र पूर्ण वेगात. संध्याकाळी दुकानात मालाचा ट्रक उतरायचा असल्यामुळे भाऊंची नजर वारंवार घड्याळाकडे जात होती.

शिरवळ आणि खंडाळा मागे पडले, खंबाटकी घाटाचा चढ सुरू झाला आणि वाहने रांगेत अडकली. वर कुठेतरी एक मालमोटार बंद पडली होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दहा पावले पुढे जायचे आणि पुन्हा थांबायचे, असा क्रम चालू झाला. नेहमी मध्यावर किंवा त्याखाली असणारा उष्णतेचा काटा हळूहळू वर सरकू लागला.

"भाऊ, काटा वर चाललाय. बाजूला घेऊ का?" मुलाने विचारले.

"माथा आलाच आहे. वर जाऊन थांबू," भाऊ म्हणाले.

थोड्या वेळाने मुलाने पुन्हा विचारले आणि त्याला तेच उत्तर मिळाले. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली आणि इंजिन धक्के देत बंद पडले.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला भाग इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याने वाहून न्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. घाटात इंजिनावर भार अधिक असतो आणि वेग कमी असल्यामुळे वारा लागत नाही. सगळी भिस्त पंख्यावर येते. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेला दोष म्हणूनच घाटात उघडा पडतो.

मुलाने टॉवेल हाताला गुंडाळला आणि तो रेडिएटरचे झाकण फिरवणार, एवढ्यात मागच्या ट्रकचा चालक खाली उडी मारून ओरडला, "ओ दादा, झाकणाला हात लावू नका! तोंड भाजेल!" त्याने मुलाचा हात धरून त्याला मागे ओढले.

घरातल्या कुकरशी परिचित असलेल्या कोणालाही यातील धोका समजू शकेल. रेडिएटरचे झाकण आतील दाब टिकवून धरते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. तापलेल्या अवस्थेत झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येते. अशा वेळी वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण उघडावा म्हणजे इंजिनाची काही उष्णता तिकडून निघून जाते, सुरक्षित जागा दिसताच मोटार बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास कशालाही हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही घातक असते. धातूला तडा जाऊ शकतो. या साऱ्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे काटा वर जाऊ लागताच थांबणे. लाल रेघेनंतरचे प्रत्येक मिनिट दुरुस्तीचा खर्च वाढवत असते.

रस्त्याकडेच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत मातुश्रींना बसवले. उन्हाने त्यांना घेरी आली होती. सून ओल्या रुमालाने त्यांचे कपाळ पुसत होती आणि नातू रडून थकला होता. भाऊ जवळ येऊन उभे राहिले तेव्हा मातुश्री एवढेच म्हणाल्या, "पोरानं दोनदा सांगितलं होतं तुला." कराडकडे निघालेल्या एका ओळखीच्या कुटुंबाने मातुश्रींना, सुनेला आणि नातवाला आपल्या मोटारीत घेतले. भाऊंची मोटार ओढून साताऱ्याच्या गॅरेजमध्ये न्यावी लागली.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले आणि मोटारीचा खरा इतिहास बाहेर आला. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतेच. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरल्यामुळे नळ्यांत क्षारांचे थर साचले होते. पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. त्यामुळे साध्या रस्त्यावर काटा खालीच राहत असे. गळती बुजवण्यासाठी टाकलेल्या पावडरीचा चिकट गाळ तळाशी होता. इंजिन ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याचा रंग दुधाळ चहासारखा झाला होता, म्हणजे हेड गॅस्केट फुटले होते आणि हेडही वाकले होते. शेवटचे नुकसान घाटातले होते. बाकीचे जुने होते. दुरुस्तीचा अंदाज शेहेचाळीस हजारांचा निघाला.

हात पुसत मिस्त्रीने दुसरा मार्गही सुचवला. "शेठ, एवढा खर्च नको असेल तर वरवरचं काम करून पंधराशेची पावडर टाकून देतो. दोन महिने काही कळणार नाही. तेवढ्यात एक्स्चेंजला देऊन टाका."

मुलाला ते पटले. "त्यांनी आपल्याला दिली तशी आपण पुढे देऊ. बाजार असाच चालतो," तो म्हणाला.

हाच मुलगा बी.कॉम. झालेला होता आणि व्यापारी कायद्याच्या अभ्यासात त्याने घोड्याचे उदाहरण वाचले होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी सदोष घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिलेली आहेत. लिलावात घोडा विकताना मालकाने दोष सांगितला नाही, तर केवळ त्या मौनाला कपट म्हणता येत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने 'तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष समजेन' असे म्हटल्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच बंधनकारक असते. ही कलमे भाऊंनी कधी वाचली नव्हती. पण पुण्यात त्यांनी उच्चारलेले वाक्य नेमके तिसऱ्या उदाहरणातले होते. मुलाला ते आठवले, तेव्हा त्याने वकिलाची नोटीस पाठवण्याचा आग्रह धरला.

भाऊंनी नोटीस पाठवली नाही, फोन केला. "शेठ, गाडी खंबाटकीत बसली. हेड उघडावं लागलं."

"जुनी गाडी आहे भाऊ, जुन्यात असं व्हायचंच."

"आत पावडर निघाली."

पलीकडे काही क्षण शांतता होती. नंतर पुढच्या आठवड्यातील तूरडाळीचा भाव सांगण्यास सुरुवात झाली. भाऊंनी भाव ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

मग ते मुलाकडे वळले. "पावडर टाकून खर्च मिटत नाही रे. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडतो. आणि त्या दुसऱ्याच्या गाडीतही मागच्या सीटवर कुणाची तरी आई बसलेली असणार." थोडे थांबून ते म्हणाले, "तू दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. त्यातली चूक माझी आहे. ती मी विकणार नाही."

शेहेचाळीस हजार भरून मोटार पूर्ण दुरुस्त केली. हेड सपाट करून घेतले, गॅस्केट, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि झाकण नवे बसवले. ऑइल बदलले आणि योग्य प्रमाणातील कूलंट भरले. सर्व बिले एका फाईलमध्ये लागली.

पुढच्या महिन्यात पुण्याहून डाळीचा ट्रक आला. वीस वर्षांत प्रथमच भाऊंनी हमालांना पोती काट्यावर चढवायला सांगितली. एकूण एक पोते पूर्ण वजनाचे भरले. तरीही त्यानंतर त्या पेढीचा माल जोखल्याशिवाय उतरवून घेतला गेला नाही. व्यवहार चालू आहे, हिशेब चोख आहे, पैसे वेळेवर जातात. परंतु ट्रक खाली व्हायला आता पूर्वीपेक्षा दोन तास अधिक लागतात. विक्रेत्याने त्याचे कारण कधी विचारले नाही.

दोन वर्षांनी मोठी मोटार घेण्याचे ठरले आणि जुनी विकण्याचे काम मुलाकडे आले. एक शाळामास्तर संध्याकाळी दुकानावर मोटार पाहण्यास आले. मुलाने ती फाईल त्यांच्यापुढे ठेवली, हेड वाकल्याची आणि बदललेल्या भागांची सर्व हकीगत सांगितली. दलालाने सांगितलेल्या भावापेक्षा पंचवीस हजार कमी येणार, हे त्याला तेव्हाच दिसत होते. भाऊ गल्ल्यावर बसून ऐकत होते. ते मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.

मास्तरांनी बॉनेट उघडून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा मुलाने किल्ली परत खिशात ठेवली.

"आत्ता नको, सर. मी नुकतीच चालवून आणली आहे. उद्या सकाळी या, इंजिन थंड असताना. तुमचा मिस्त्रीही बरोबर आणा."