पितळी गळा

लग्नाच्या वरातीत सर्वांत दुर्लक्षित माणूस कोण, असे मला विचारले तर मी ट्रंपेट वाजवणाऱ्याचे नाव घेईन. नवरदेवाकडे बायका पाहतात, घोडीकडे पोरे पाहतात. पण दुसऱ्याच कुणाच्या मापाचा लाल कोट घालून, गाल फुगवून, घामाघूम होत चालणाऱ्या त्या माणसाकडे कोण पाहणार? आमच्या बुटीबोरीत तर डीजेच्या गाड्या आल्यापासून तो दिसणेच विरळ झाले आहे. तरी एखाद्या जुन्या वळणाच्या वरातीतून 'अलबेला'तले गाणे उसळले, की कारखान्यातली पाळी संपवून घरी निघालेला कामगार सायकल थांबवून एक पाय खाली टेकतो, आणि टेकलेला पाय ठेका धरतो.

हा ठेका मात्र आपल्या मातीतला नव्हे. आपल्या केरव्याच्या आठ मात्रा आपण चार-चार अशा मोजतो. क्यूबाकडच्या नाचांत त्याच आठांची वाटणी पुष्कळदा तीन, तीन आणि दोन अशी होते. शेवटचे दोन तोकडे पडतात, तोल जातो, आणि तो सावरता सावरता माणूस नाचू लागतो! त्याच्या जोडीला बोंगो म्हणजे मांडीत मावणारी ढोलक्यांची जोडी, आणि मराका म्हणजे आपल्या बाळाचा खुळखुळाच. फक्त तिकडे तो मोठ्या माणसांनी हातात घेतला.

हे सारे 1951 साली 'अलबेला'त आले. या चित्रपटाबद्दल आम्हा वैदर्भीयांना थोडी आपुलकी अधिकच. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव अमरावतीत जन्मलेले, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे खरे, पण गाण्याचे काही धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गिरवलेले. ख्याल शिकलेला माणूस आणि बोंगो! पण 1947 साली 'शहनाई'त त्यांनी विलायती थाटाची गंमत करून पाहिलीच होती. सोवळे-ओवळे त्यांनी सुरांच्या बाबतीत फारसे पाळले नाही, हे आपले भाग्यच.

पण या दोघांच्या मागे एक तिसरा माणूस उभा होता. त्याचे नाव आंतोनियो झेवियर वाझ. 1916 साली गोव्यात, बारदेशातल्या हळदोण्यात जन्मलेला. मुंबईला हॉटेलांतल्या नाचाच्या रात्रींनी त्याला 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखले आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग ठरवले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. देवासाठी शिकलेली ती विद्या पुढे मुंबईत पोटासाठी कामाला आली. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री मंदावू लागल्या, आणि चित्रपटांच्या स्टुडिओंना अशा वादकांची गरज वाढतच होती.

स्टुडिओतले काम कसे चाले? संगीतकार पेटीवर चाल बसवी. मग गोव्याचा एखादा संयोजक प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून काढी : इथे ट्रंपेटने घुसायचे, इथे सॅक्सोफोनने थांबायचे, इथे सगळ्यांनी मिळून उसळायचे. पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचे. मला यात कुणाला आरोपी करायचे नाही. चालही खरीच होती. पण गल्लीतला पाय हलतो तो पुष्कळदा त्या कागदामुळे, एवढे म्हणायला हरकत नसावी. 'अलबेला'त निदान एका गाण्यात चिक आपल्या साथीदारांसह झालरीच्या बाह्या घालून पडद्यावरही दिसला. मराठी नायकाच्या नाचामागे गोव्याचे ख्रिस्ती वादक क्यूबाच्या वेषात उभे! मला तरी हे चित्र फार आवडते.

बहर मात्र फार टिकला नाही. भगवानदादांनी 'अलबेला'च्या यशावर जुहूला बंगला घेतला, गाड्यांचा ताफा बाळगला. 1953चा 'झमेला' त्याच वाटेने गेला, पण प्रेक्षक त्या वाटेने गेले नाहीत. बंगला गेला, गाड्या गेल्या. पुढे किरकोळ भूमिका करीत दादरच्या चाळीत दिवस काढून 2002 साली दादा वारले. रामचंद्र 1982 साली गेले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहून गेले, म्हणून त्यांचा शब्द तरी आपल्यापाशी राहिला. 2016 साली भगवानदादांवर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपटही निघाला.

चिकने आत्मचरित्र लिहिले नाही. हॉटेलांतले बँड ओसरत गेले, आणि कित्येक वर्षांनी स्टुडिओंतल्या भरगच्च वाद्यवृंदांची जागाही कीबोर्डांनी घेतली. ते पाहायला तो नव्हता. 1967च्या मे महिन्यात, एक्कावन्नाव्या वर्षीच, तो मुंबईत वारला.

आदल्याच वर्षी चेतन आनंदांचा 'आखरी खत' आला होता. त्यात क्लबमधले एक गाणे आहे. तरुण भूपिंदर गातो, जोडपी हळूहळू नाचतात, आणि मधेच ट्रंपेट बोलू लागते. तो वाजवणारा चिकच. कधी पाहण्याचा योग आला, तर नाचणाऱ्यांवरून नजर थोडी मागे न्यावी.