उंच पलंग आणि दहा बाय अकराची खोली

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची घरे अजूनही दोन खोल्यांचीच आहेत. मुले शिकू लागली, पुस्तकांचा ढीग वाढला, क्लासच्या वह्या आल्या, पण भिंती होत्या तिथेच राहिल्या. भुसावळात आमचेही तसेच आहे. एका खोलीत स्वयंपाक आणि भांडी, आणि दुसरी दहा बाय अकराची. त्या दुसरीतच कॉट, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आणि आम्ही पाच माणसे. माय म्हातारी, मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत, आणि आम्हा दोघांपैकी एकाची रेल्वेत पाळीची नोकरी. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, म्हणजे दिवसा अभ्यास बंद. रात्री अंथरुणे पडली की टेबल ठेवायला वीतभर जमीन उरत नाही. मुलगी स्वयंपाकघरात पाटावर बसून गणिते सोडवी आणि ओट्यावरचे पाणी वहीवर उडे.

अशा वेळी कोणीतरी उंच पलंगाचे सुचवले. पलंग माणसाच्या डोक्याच्या वर, आणि खाली टेबल-खुर्ची. नाव नवे असले तरी आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. ज्वारीच्या राखणीला शेतात माळा बांधतात, त्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या पिकांची राखण करत रात्री काढल्या. मुंबईच्या चाळींतून पोटमाळा आहे. आणि आम्ही तर जंक्शनचे लोक. शयनयानाच्या जुन्या डब्यात एका कप्प्यात आठ, अशा नऊ कप्प्यांत ७२ माणसे एकावर एक निजून सुखरूप जातात, हे भुसावळच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

बाबासाहेबांच्या शाळकरी दिवसांत लोअर परळच्या डबक चाळीत साऱ्या घराला एकच खोली होती. जाते तिथेच, बकरी तिथेच, आणि निजायचेही तिथेच. धनंजय कीर यांच्या चरित्रात ते वर्णन आहे. रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि आपण त्या जागी आडवे होत. खोली वाढवता येत नव्हती म्हणून त्या बापाने रात्रीचे दोन भाग केले. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या, त्यातली एक अभ्यासाची. हजारो ग्रंथ मावतील असे राजगृह दादरला झाले ते त्यानंतर. आम्हाला रात्र वाटून देणे पाळीच्या नोकरीमुळे जमेना, म्हणून आम्ही उंची वाटून घेतली.

पहिला वाद झाला तो पलंग कोणाचा यावरून. नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनी सरळ सांगितले की मुलाला द्या, मुलगी काय, आज इथे उद्या तिथे. आम्हाला हे पटले नाही. बारावीची परीक्षा आधी तिची आहे, आणि वयात आलेल्या मुलीला अंगावरची ओढणी बाजूला ठेवून निजता येईल अशी एक तरी जागा घरात हवी. मुलाला ती निकड अजून नाही. पलंग तिचा ठरला.

दुसरा प्रश्न मायने काढला. ती पौर्णिमेला अष्टशील पाळते. त्यातले आठवे शील उच्चासयन-महासयनापासून, म्हणजे उंच आणि ऐसपैस बिछान्यापासून दूर राहण्याचे. मग घरात सहा फूट उंच पलंग करायचा कसा? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. विहारातल्या भंतेजींकडून घेतलेले पुस्तक उघडून आम्ही विनय वाचायला बसलो. भिक्षूंसाठी मंचाच्या पायांची उंची ठरलेली आहे, आठ सुगतांगुले. पण उपासकाला रोजची पाच शिले, आठवे शील उपोसथाच्या दिवसाचे. आणि त्याचा रोख थाटामाटावर, आरामाच्या लालसेवर आहे. मायनेच शेवटी निकाल दिला : "पोरगी वर निजली म्हणजे काय राणी झाली का? तिले अभ्यासाले जागा पाहिजे." पौर्णिमेला मुलीने अष्टशील घेतले तर ती त्या रात्री खाली चटईवर निजते, एवढेच ठरले.

पण त्या वाचनात एक असा नियम सापडला की आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. पाचित्तिय नियमांतला अठरावा. श्रावस्तीत एका विहारात माळा होता. एक भिक्षू खाली राहत होता आणि एक वर. वरच्याच्या मंचाचे पाय काढता-घालता येणारे होते. तो धाडकन मंचावर बसला, पाय निसटला आणि खालच्या भिक्षूच्या डोक्यात पडला. त्यावरून तथागतांनी नियम घातला की माळ्यावरच्या अशा सुट्या पायांच्या मंचावर धाडकन बसू वा निजू नये. दोष कधी लागत नाही हेही सांगितले आहे : खालची जागा वापरात नसेल, माळ्याला फळ्या जडलेल्या असतील, किंवा पायांना खुंटी ठोकलेली असेल तर. आणि माळा कशाला म्हणायचे? मध्यम उंचीच्या माणसाचे डोके जिथे वर आपटत नाही त्याला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या मजकुरात सुताराला सांगायचे बहुतेक सगळे आलेले आहे. भुसावळहून दीड-दोन तासांच्या वाटेवर अजिंठ्याला बारा क्रमांकाच्या लेण्यात भिक्षूंच्या बारा खोल्या आहेत, प्रत्येकीत दगडाचे दोन ओटे निजायला. लहान खोलीत दोघांनी राहायचे कसे, हा विचार आपल्या परंपरेला परका नाही.

दुकानात तयार पलंग पाहिले. दिसायला देखणे, पण लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या. एकदा स्क्रू ढिला झाला की भोक मोठे होते आणि पुन्हा धरत नाही. किंमतही आमच्या तीन महिन्यांच्या किराण्याएवढी. सागवानाचे नाव काढायची सोय नव्हती. शेवटी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो लोखंडाचे किलोवर पैसे घेतो, म्हणून पाईप किती जाड आणि पट्ट्या किती, हे आपल्या डोळ्यांदेखत ठरवता येते. घर भाड्याचे असल्याने भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी नव्हती. मग पलंग स्वतःच्या चार पायांवर पक्का उभा राहायला हवा. मागच्या बाजूला आणि एका बगलेला तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या मारून घेतल्या, त्याशिवाय उंच पलंग डुलतोच. सगळा सांगाडा वेल्डिंगने जोडला असता तर दारातून आत आला नसता आणि घर बदलताना बाहेरही गेला नसता. म्हणून सोळा बोल्ट, आणि प्रत्येक नटावर दुसरा नट. श्रावस्तीची खुंटी ती हीच.

माप सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. छत दहा फूट. पलंगाच्या खालच्या कडेपर्यंत पाच फूट आठ इंच, कारण आम्हा दोघांत उंच माणूस साडेपाच फुटांचा. दीड इंचाचा पाईप, पाऊण इंचाचे प्लायवूड, चार इंचांची गादी धरून वरचा थर सहा फूट दोन इंचांवर येतो. तिथून छतापर्यंत जवळजवळ पावणेचार फूट राहतात, म्हणजे मुलगी वर ताठ बसून वाचू शकते. ज्यांचे छत साडेआठ फुटांचे आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. वर बसता येत नसेल आणि खाली उभे राहता येत नसेल, तर दोन्हीकडची जागा वाया गेली. लांबी सव्वासहा फूट, रुंदी तीन. एकशे दहा चौरस फुटांपैकी सुमारे एकोणीस फूट अडले, आणि त्याच एकोणीस फुटांत टेबल, खुर्ची आणि दोन फळ्या पुस्तके बसली.

कठड्याबाबत काटकसर नको. अमेरिकेत वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या वर किमान पाच इंच असावा असा दंडक आहे. आम्ही दहा ठेवला. सहा वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, हेही तिकडे बजावलेले असते. आमच्याकडे पाहुण्यांची मुले येतात तेव्हा ते आम्ही पाळतो, मग कितीही भोकाड पसरले तरी. मच्छरदाणीच्या दोऱ्या लोंबत्या ठेवू नयेत. शिडीचे गज गोल असले तर तळपायाला रुततात, चार इंच रुंद सपाट पट्ट्या कराव्यात आणि शिडी थोडी तिरपी असावी. छताचा पंखा मात्र काढावाच लागला. वर उठून बसलेल्या माणसाच्या हाताशी पाती फिरत होती. आता भिंतीचा पंखा आहे.

आमच्या भागात खरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, गरम हवा वर जाऊन साचते, आणि खिडकीतल्या कुलरची हवा पलंगाच्या खालून निघून जाते. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी खानदेशात उंच पलंग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे स्लॅब आहे, तरी एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत मुलगी गच्चीवर निजते. अभ्यास मात्र पलंगाखालीच चालतो, तिथे कुलरची हवा नीट लागते. थंडीत उलट, सगळ्यांत ऊबदार जागा वरची, आणि मग मुलगाही हळूच वर जाऊन गोधडीत शिरतो.

चादर बदलणे कटकटीचे आहे, गुडघ्यांवर रांगत करावे लागते. ताप आला की खाली निजावे. मायला वर चढता येत नाही, पण दुपारी ती टेबलाशी बसून नातीचे पुस्तक चाळते. रात्रपाळीचा माणूस दिवसा कॉटवर निजला तरी पलंगाच्या दांडीला जुन्या साडीचा पडदा आहे, आणि पडद्याआड दिवा.

बारावीनंतर पलंग मुलाचा, असा करार झाला आहे. त्याच्या बदल्यात देखभाल त्याच्याकडे. दर पौर्णिमेला वंदना झाली की तो पाना घेऊन सोळाही बोल्ट आवळून पाहतो. गेल्या खेपेला दोन ढिले निघाले.