कृष्णाकाठची पायरी

निवृत्ती जवळ आली की पुण्या-मुंबईच्या माणसाला छोट्या गावाची ओढ लागते. मग तीन प्रश्न ठरलेले असतात. हवा कशी आहे? वेळ कसा जाईल? भीती तर नाही ना? माझं आजोळ वाईचं, म्हणून हे प्रश्न वाईबद्दल मला हमखास विचारले जातात. केंद्र सरकारच्या 2020 च्या राहणीमान निर्देशांकात 111 शहरं मोजली गेली. मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं आलं आणि पुणं दुसरं. 10 लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत शिमला पहिलं. वाईएवढ्या गावापर्यंत ते माप पोचतच नाही. तिथे आपलं माप आपणच शोधावं लागतं, आणि माझं माप कृष्णेच्या घाटावरची पायरी आहे.

आधी हवा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथे उंची 1300 मीटरच्या आसपास. आणखी पुढे महाबळेश्वर, जिथे वर्षाला 5500 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आषाढात वरचा सगळा डोंगर ढगांत बुडालेला असतो आणि खाली वाईत मात्र सरीमागून ऊन, उन्हामागून सर. पाऊस वर पडतो आणि त्याचं पाणी आमच्या दारावरून वाहत जातं, इतकं सुरेख वाटप फार थोड्या गावांच्या नशिबी असतं. थंडीत पहाटे पात्रावर धुकं तरंगतं. वैशाखात दुपारी मात्र आळ्यांतले दगड तापतात, पत्रे कडाडतात, माणसं दारं लोटून घेतात. उन्हं कलली की गाव एकेक करून नदीकडे निघतं. घाटाची वरची पायरी अजून कोमट असते, पाण्यालगतची गार. आजी त्या गार पायरीवर पाय सोडून बसायची आणि दिवसभराचा उकाडा नदीला देऊन टाकायची. उन्हाळ्यातली वाईची हवा मी तिथे शिकलो.

करमणूक म्हणाल तर तीही याच पायऱ्यांवर. मुलं पाठीला डबा बांधून डोहात पोहायला शिकत. माघ उजाडला की कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह, आपापल्या घाटावर, एकापाठोपाठ एक. मांडव, कीर्तन, गाणं, प्रसादाच्या पंगती. या उत्सवाचं मूळ जुनी माणसं 1659 मध्ये सांगतात: अफझलखान वाईत तळ देऊन होता, आणि शिवरायांवरचं संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला. मला ही कथा फार मोलाची वाटते. गाव घाबरलं तेव्हा नदीकडे गेलं, आणि भीती सरल्यावर तिथेच उत्सव करू लागलं.

मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम या एवढ्याशा गावात बसून उभं केलं, 1976 साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि विश्वकोशाचं कार्यालय आजही इथेच आहे. ज्या गावात संध्याकाळी व्याख्यान ऐकून घाटावर त्याबद्दल वाद घालता येतो, तिथे वेळ कसा जाईल हा प्रश्न मला पडत नाही. आणि या कशालाच तिकीट नाही.

सुरक्षेचं उत्तर सोपं नाही, आणि ते सोपं करून सांगू नये. गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ अगदी नदीलगत बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून बाजूनं निघून जावं. नदीशेजारी राहायचं तर तिचा स्वभाव ओळखून राहायचं, हे त्या भिंतीत दिसतं. पण 25 जानेवारी 2005 ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, जवळच्याच मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मग दुकानांना लागलेली आग. 300 च्या आसपास माणसं गेली. आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्याच धोम गावात जमीन खणून बेपत्ता माणसांचे मृतदेह बाहेर काढले गेले. त्यांत बहुतेक बायका. कुणी तर कित्येक वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून काही होत नाही, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता. बाई घरी आली नाही, हे ओळखीच्यांना कळून पुरत नाही. कुणीतरी चौकीत जाऊन पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, आणि चौकीनं ते ऐकावं लागतं.

तरीही मी पायरीचंच माप धरतो. ज्या घाटावर रात्री नऊला म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली असतात, तिथून शिकवणीहून परतणारी मुलगी न बिचकता जाते. म्हातारी माणसं तिथे बसतात, कारण तिथे वारा असतो आणि बसायला पैसे पडत नाहीत. हवा, करमणूक, सुरक्षा हे तीन वेगळे रकाने नाहीतच. त्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, वाहती स्वच्छ नदी.

म्हणूनच आज घाटावर गेलं की जीव तुटतो. वर धोमचं धरण आहे, खाली पाणी संथ झालेलं. गावाचं सांडपाणी नाल्यांतून पात्रात उतरतं, जलपर्णी माजते, उन्हाळ्यात वास येतो. वास आला की आधी म्हातारी माणसं उठतात. मग मुलांना पाण्यात उतरू देत नाहीत. मग दिवे असूनही घाट सुना पडतो, आणि मुलगी लांबच्या रस्त्यानं घरी जाऊ लागते. एवढं सगळं एका नाल्यानं होतं.

तेव्हा वाईत, किंवा कुठल्याही नदीकाठच्या गावात घर बघायला जाल, तर गॅलरीतून डोंगर दिसतो का हे जरूर बघा. पण त्याआधी बांधणाऱ्याला विचारा, या घराचं सांडपाणी कुठे जाणार आहे. आणि उत्तर लेखी घ्या.