पट लहान, हक्क मोठा

सिंधुदुर्गात पाहुणा आला की आपण त्याला मालवणचा किल्ला दाखवतो, तारकर्लीची वाळू दाखवतो. आम्ही मात्र या खेपेस मालवण तालुक्यातील खाडीकाठची एक लहानशी शाळा पाहून आलो. एस.टी. फाट्यावर सोडते. पुढे गडग्यांमधून पायवाट, व्हाळावरचा साकव आणि पलीकडे एक खोली व पडवी.

मुळात ही वस्तीशाळा. जिथे नियमित शाळा पोहोचली नव्हती, तिथे सन २००० नंतर शासनाने हा पर्याय काढला. जवळपासचा शिकलेला तरुण निमशिक्षक होऊन तुटपुंज्या मानधनावर शिकवी. पुढे अशा शाळा जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या.

पटावर मुले किती? दोन हातांची बोटे पुरतील इतकी. पण ती कोणाची? आपल्या बौद्धवाडीची, होडीवाल्या गाबितांची, चिरेखाणीवर राबणाऱ्या कर्नाटकी मजुरांची आणि आंब्याची बाग राखणाऱ्या नेपाळी गड्याची. ऐपतदारांची मुले गाडीने इंग्रजी शाळेत जातात. इथे मात्र कानडी बोलणारी पोर आपल्या मुलीशेजारी बसून मराठी गिरवते, आणि दुपारची पंगत सर्वांची एकच.

पट घटला हे खरे. जिल्ह्याची लोकसंख्याच २००१ साली ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ साली ८ लाख ४९ हजारांवर आली. परंतु आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकड्यामागचे माणूस रकान्यात दिसत नाही, हे आम्ही जाणतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळेची योजना पुढे आली. मुलांना गाडीने नेऊ म्हणतात. साकवावरून गाडी कशी जाणार? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे शिक्षणहक्काचा नियम सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करण्याचे ठरले. ते दार आता बेरीज-वजाबाकीने बंद होऊ द्यायचे काय?

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. आपल्या माता-भगिनींनी त्या जागा घ्याव्यात. मुंबईकर मंडळींनी विहारासाठी वर्गणी काढताना शाळेच्या छपराचीही चौकशी करावी. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो पाळायला वाडीवर शाळा तर हवी!

जयभीम.